खारे वारे ऋतूप्रमाणे का बदलतात, आणि सह्याद्री ओलांडून कोल्हापुरात त्यांचं काय पोचतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या पुस्तकात दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे एवढंच असतं, जणू वर्षभर रोज तोच फेरा चालतो. प्रत्यक्षात कोल्हापुरात मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेकडून गार वारा येतो, जून ते सप्टेंबर पश्चिमेचाच वारा दिवसरात्र वाहतो आणि डिसेंबरात तो नाहीसा होतो. मालवणला डिसेंबरच्या पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे जातो, तर एप्रिलच्या दुपारी वायव्येकडून येतो. मग बदलतं नेमकं काय?

खाऱ्या वाऱ्याचं यंत्र वर्षभर तेच असतं. ऋतूप्रमाणे दोन गोष्टी बदलतात. एक, जमीन दिवसा किती तापते. दोन, त्या वेळी मोठ्या प्रदेशावर आधीपासून कुठला वारा चालू आहे (पुढे त्याला ‘मोठा वारा’ म्हटलं आहे). किनाऱ्यावर अंगाला लागतो तो या दोन वाऱ्यांच्या बेरजेचा वारा. कोल्हापूरसाठी तिसरी अट येते: सह्याद्री ओलांडून पलीकडे चालत राहण्याइतका जोर त्या वाऱ्यात आहे का?

आधी यंत्र पाहू, कारण त्याच्या दोन पायऱ्या पुस्तकांत हमखास उलटसुलट होतात.

पाणी उशिरा तापतं ते त्याची उष्णताधारकता जास्त म्हणून, असं शिकवतात. ते खरं आहे, पण अर्धंच. मोठं कारण म्हणजे समुद्रात उष्णता खोलवर वाटली जाते. ऊन पाण्यात काही मीटर आत शिरतं आणि लाटा ते पाणी ढवळून वीस-तीस मीटरपर्यंत मिसळतात. एक चौरस मीटर क्षेत्रफळाचं, एक मीटर खोल पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ मेगाज्यूल लागतात. एप्रिलच्या निरभ्र दिवशी आपल्या अक्षांशावर चौरस मीटरमागे साधारण २५ मेगाज्यूल ऊन मिळतं. ते वीस मीटरच्या थरात वाटलं गेलं तर दिवसभरात वाढ होते जेमतेम ०.३ अंश, आणि रात्री तीही निघून जाते. जमिनीत मात्र दिवसाची उष्णता वरच्या वीस-तीस सेंटिमीटरच्या खाली फारशी उतरतच नाही. म्हणून रत्नागिरी-देवगडकडचा जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे सपाट कातळ, एप्रिलच्या दुपारी तव्यासारखा तापतो, पायाखालचा दगड ५० अंशांच्या पुढे जातो, आणि शेजारचा समुद्र सकाळ-संध्याकाळ २९ अंशांच्या आसपासच राहतो.

दुसरी पायरी दाबाची. ‘गरम हवा वर जाते, तिथे पोकळी होते आणि ती भरायला समुद्राची हवा धावते’ हे वाक्य सोपं आहे, पण त्यातला क्रम चुकीचा आहे. जमिनीवरचा हवेचा थर तापून फुगतो. त्यामुळे पाचशे-हजार मीटर उंचीवर जमिनीच्या डोक्यावरचा दाब समुद्रावरच्या त्याच उंचीवरील दाबापेक्षा किंचित वाढतो. वरची हवा आधी समुद्राकडे सरकते. जमिनीवरच्या हवेच्या स्तंभातून तेवढं वजन कमी झालं की मग खाली जमिनीवरचा दाब उतरतो आणि समुद्रावरची हवा आत यायला लागते. हा फरक एक-दोन हेक्टोपास्कलांचाच (हेक्टोपास्कल हे हवेच्या दाबाचं एकक) असतो, पण ताशी १५ ते २५ किलोमीटरचा वारा उभा करायला तो पुरतो. वारा सहसा जमिनीपासून तीनशे ते हजार मीटर जाडीचा असतो, आणि परतीचा प्रवाह त्याच्या वरून जातो.

रात्री हेच उलटं घडतं, पण बरंच मवाळ. रात्री थंड होते ती जमिनीलगतची पातळ हवा, म्हणून मतलई वारा शंभर-दोनशे मीटर जाडीचा आणि ताशी पाच-दहा किलोमीटर वेगाचा असतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकं सोडून देतात. कोकणचा किनारा सरळ उत्तर-दक्षिण नसून थोडा वायव्य-आग्नेय कललेला आहे. त्यामुळे सकाळी अकराला उठणारा वारा किनाऱ्याला काटकोनात, म्हणजे पश्चिम-नैऋत्येकडून येतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते. १७ अंश अक्षांशावर हे वळण सावकाश असतं, पूर्ण फेऱ्याला सुमारे ४१ तास लागतात. तरी सहा-सात तासांत दिशा ५०-६० अंश फिरते. म्हणून उन्हाळ्यात मालवण-वेंगुर्ल्याला सकाळचा नैऋत्येकडे झुकलेला वारा संध्याकाळपर्यंत वायव्येचा होतो. दुपारचा वारा किनाऱ्याला तिरका लागतो म्हणून तो खारा वारा नव्हे, असा निष्कर्ष काढणाऱ्यांची इथेच फसगत होते.

आता ऋतू.

डिसेंबर ते फेब्रुवारी. उत्तर भारतावर थंड, जड हवा बसलेली असते, दाब जास्त असतो आणि दख्खनवरून कोकणाकडे ईशान्य-पूर्वेचा कोरडा वारा उतरतो. म्हणजे खाऱ्या वाऱ्याला समोरून विरोध. समजा जमीन-समुद्र फरकाने ताशी १८ किलोमीटरचा वारा उभा राहू शकतो आणि समोरून ताशी ८ किलोमीटरचा पूर्वेचा वारा आहे. तर किनाऱ्यावर उरतो १० किलोमीटरचा, तोही उशिरा. मार्चअखेर दहा-अकराला सुरू होणारा वारा जानेवारीत बारा-एक वाजेपर्यंत वाट पाहायला लावतो आणि सूर्य कलला की लगेच पडतो. विरोधी वारा ताशी २०-२५ किलोमीटरच्या वर गेला तर समुद्राची हवा किनाऱ्यावर पाऊलच टाकत नाही, तिची आघाडी, म्हणजे पुढची कड, समुद्रातच अडकते. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दिवशी पारा अचानक ३८-३९ वर जातो तो याच कारणाने. पूर्वेचा वारा जोरात असतो, खारा वारा दुपारी दोन-तीनपर्यंत येत नाही आणि तोवर शहर तापून निघतं. सूर्य तोच, समुद्र तोच. फक्त वारा तीन तास उशिरा आला.

विरोधाचा एक गमतीचा परिणामही आहे. समोरून हलका वारा असेल तर दोन हवांची सीमा धारदार होते. वारा पडतो, हवा पाच-दहा मिनिटं कोंदट होते आणि एकदम समुद्राचा झोत लागतो. एप्रिल-मेमध्ये दोन्ही वारे एकाच दिशेचे असतात, तेव्हा अशी स्पष्ट सीमा सापडत नाही. वारा हळूहळू वाढत जातो, एवढंच.

मतलई वाऱ्याचा खरा हंगाम मात्र हिवाळाच. रात्र मोठी, आकाश स्वच्छ, हवा कोरडी, त्यामुळे जमीन भराभर उष्णता सोडते. समुद्र २७-२८ अंशांवर असतो, आणि तळकोकणातल्या दऱ्यांत पहाटे १७-१८ अंशांपर्यंत पारा उतरतो. त्यात सह्याद्रीच्या उतारावरून घरंगळणारी थंड हवा मिळते आणि ईशान्येचा मोठा वाराही त्याच दिशेचा असतो. तिघांची बेरीज झाली की नद्यांच्या आणि खाड्यांच्या तोंडाशी पहाटे चांगलाच वारा लागतो. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे वेळापत्रक या बेरजेवरच चालायचं.

मार्च ते मे. खाऱ्या वाऱ्याचा खरा मोसम हा. आकाश निरभ्र, माती कोरडी, ऊन डोक्यावर. कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य मेच्या पहिल्या आठवड्यात माथ्यावर येतो. शिवाय मोठा वारा फिरलेला असतो. दख्खनचं पठार आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख तापून तिथे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि अरबी समुद्रावर वायव्येचा वारा स्थिरावतो. आता दोन्ही वारे एकाच बाजूचे. १८ मध्ये ८ मिळवा, ताशी २६ किलोमीटर. वारा साडेदहा-अकरालाच उठतो, जास्त जाड असतो, आत लांबवर जातो आणि सूर्यास्तानंतरही दोन-तीन तास टिकतो. समुद्राच्या बाजूलाही त्याचा पसारा शंभर किलोमीटरहून जास्त असतो. म्हणून दुपारनंतर तिथे लहान, दाट, पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा उठतात आणि रात्री विरतात.

जून ते सप्टेंबर. इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. वारा समुद्रावरूनच येत असतो, मग तो खारा वारा नाही का? नाही. खाऱ्या वाऱ्याची ओळख म्हणजे रोजचा फेरा: सकाळी उठणं, दुपारी भर, रात्री उलटणं. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन खाली पोचत नाही आणि जे पोचतं ते ओल्या मातीतलं पाणी वाफ करण्यातच जातं. कोल्हापुरात जुलैमध्ये दिवसाचं तापमान सरासरी २६-२७ अंशांच्या आसपास असतं, समुद्राचा पृष्ठभाग त्याहून थोडा गरमच. म्हणजे रोजचं यंत्र जवळजवळ बंद. वाहतो तो मोसमी वारा, ज्याचा सर्वांत वेगवान पट्टा अरबी समुद्रावर साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो आणि ताशी ५० किलोमीटर सहज ओलांडतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा कोल्हापूरच्या माथ्यावर येतो, अगदी मेसारखाच, तरी खारा वारा उठत नाही. केवळ सूर्याच्या उंचीवरून हे वारे समजून घेता येत नाहीत, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

याच ओघात ‘मोसमी वारा म्हणजे सहा महिने चालणारा अजस्र खारा वारा’ या वाक्याबद्दल. ही कल्पना एडमंड हॅलीने १६८६ मध्ये मांडली आणि अजून पुस्तकांत तशीच आहे. पण जमीन सर्वांत तापते ती मेमध्ये, आणि पाऊस जोर धरतो तेव्हा ती थंड झालेली असते. ज्या वर्षी पाऊस ओढ देतो त्या वर्षी जमीन अधिक तापते, तरी वारा वाढून पाऊस येत नाही. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी हा मुद्दा सातत्याने मांडला: मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा आणि पावसाचा पट्टा ऋतूबरोबर उत्तरेकडे सरकून आपल्यावर येणं. जमीन-समुद्र तापमानातल्या फरकाचा त्यात हातभार आहे, पण रोजच्या खाऱ्या वाऱ्याचं चित्र मोठं करून ठेवलं की पावसाळा समजला, असं होत नाही.

ऑक्टोबर हा सांधा. मोसमी वारे पहिल्या पंधरवड्यात मागे हटतात, ढग जातात, माती अजून ओली असते आणि मोठा वारा जवळजवळ शून्य. बेरजेतला दुसरा आकडाच नाही, म्हणून खारे आणि मतलई वारे पुस्तकातल्यासारखे शुद्ध रूपात दिसतात, पण दोन्ही अशक्त. ऑक्टोबर हीट अंगावर येते ती यामुळेच: दमट हवा, कडक ऊन आणि वारा नाही.

आता कोल्हापूर. विजयदुर्गाच्या किनाऱ्यापासून शहर सरळ रेषेत सुमारे ९५ ते १०० किलोमीटर. त्यातले पन्नास-पंचावन्न किलोमीटर कोकणपट्टी, मग गगनबावड्याची चढण, मग शहरापर्यंत ४४-४५ किलोमीटर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, गगनबावडा सहाशेच्या थोडा वर, दाजीपूर-राधानगरीकडचे डोंगर नऊशे-हजार मीटरपर्यंत. खाऱ्या वाऱ्याची जाडी तीनशे ते हजार मीटर धरली तर गणित काठावरचं आहे. हिवाळ्यातला पातळ वारा घाटाच्या पायथ्याशीच संपतो. एप्रिलमधला जाड वारा गगनबावडा, फोंडा, आंबा अशा खिंडींतून वर येऊ शकतो.

पण नुसतं वर येणं पुरत नाही, पुढे चालायला ओढ लागते, आणि इथे पठार स्वतः कामाला येतं. कोकणातली ३२ अंशांची हवा सहाशे मीटर वर चढली की प्रसरण पावून सुमारे सहा अंश थंड होते, म्हणजे घाटमाथ्यावर ती २६ अंशांची उरते. त्याच उंचीवर एप्रिलच्या दुपारी कोल्हापूर-हातकणंगल्याकडच्या पठारावरची हवा ३६-३७ अंश असते. दहा अंशांचा फरक! किनाऱ्यावर समुद्र आणि जमीन यांच्यावरच्या हवेत एवढा फरक सहसा नसतो. म्हणजे सह्याद्री एकाच वेळी अडथळाही आहे आणि दुसरा, उंचावरचा किनाराही. कोल्हापुरात जाणवणारा संध्याकाळचा पश्चिमवारा हा निव्वळ खारा वारा नाही. कोकणात उठलेला खारा वारा, घाटाच्या उतारावरून दुपारी चढणारी हवा आणि तापलेल्या पठाराची ओढ, अशी ती साखळी आहे.

वेळेचा हिशेबही जुळतो. वाऱ्याची आघाडी ताशी १० ते १८ किलोमीटरने आत सरकते. किनाऱ्यावर अकराला सुटली तर घाटाच्या पायथ्याशी तीन-चारला, माथ्यावर चार-पाचला, आणि कोल्हापुरात सहा ते आठच्या दरम्यान. ती दुपारी तीनला पोचली असती तर गार लागलीही नसती. तापलेल्या जमिनीवरून येताना ती ऊब घेत येते आणि दुपारी हवा खालीवर घुसळत असल्याने वरच्या कोरड्या हवेत मिसळून जाते. सूर्य कलल्यावर घुसळण थांबते, जमिनीची ऊब ओसरते, आणि पश्चिमेची हवा आपला गारवा राखून शहरात येते. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, म्हणजे एप्रिलअखेरपेक्षा जवळजवळ पाऊण तास आधी. पठार ३० अंशांपर्यंतच तापलेलं, समोरून पूर्वेचा वारा. साखळीची प्रत्येक कडी सैल, म्हणून डिसेंबरात तो वारा येत नाही. त्याऐवजी रात्री पंचगंगेच्या खोऱ्यात थंड हवा साचते. गुऱ्हाळाचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, ती त्या साचलेल्या हवेची वरची सीमा.

कोल्हापुरात वर्षातला सर्वांत तापलेला महिना सहसा एप्रिल असतो, मे नव्हे. विदर्भात मे चढता असतो. फरक याच पश्चिमवाऱ्याचा आहे. मेमध्ये तो लवकर येतो, जास्त टिकतो आणि ढगही आणतो.

वळीवही इथेच जोडला जातो. पश्चिमेची दमट हवा आणि पठारावरची कोरडी, तापलेली हवा जिथे भिडतात तिथे हवा वर रेटली जाते. वर पुरेशी अस्थिरता असेल तर तीन-चार तासांत मोठा ढग उभा राहतो. वळीव नेमका कुठे पडेल हे सांगणं अवघड, कारण ती सीमा रोज पंधरा-वीस किलोमीटर इकडेतिकडे असते आणि ढग कुठे वाहत जाईल ते वरचे वारे ठरवतात. पण पश्चिमवारा आदल्या दिवसांपेक्षा लवकर आला आणि दमट असला, की त्या संध्याकाळी पत्रे, वाळवण आणि मंडप यांची सोय आधीच बघावी.

‘रंकाळ्यावर संध्याकाळी गार वारा येतो तो तलावामुळे’ हा समज मात्र सोडायला हवा. तलावाने स्वतःचा वारा निर्माण करायला पाणी काही किलोमीटर रुंद लागतं. रंकाळा एवढा मोठा नाही. तो शहराच्या पश्चिम कडेला आहे आणि पाण्यावर वाऱ्याला अडवायला इमारती नाहीत, म्हणून घाटाकडून आलेला वारा तिथे आधी आणि मोकळा लागतो. बाष्पीभवनाचा थोडा गारवा मिळतो, बाकी श्रेय घाटमाथ्याकडचं.

हे घरबसल्या तपासता येतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून आणि कठड्यापासून दूर, तीन मीटर उंच काठीला हातभर लांबीची हलकी फीत बांधा. कठड्यालगत बांधली तर ती भिंतीमागचा भोवरा दाखवेल, वारा नाही. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं साधं डिजिटल यंत्र सावलीत, वारा खेळता राहील असं ठेवा. सिमेंटच्या भिंतीला टेकवू नका. मार्च ते मे दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला दिशा, तापमान, आर्द्रता लिहा. दोन आठवड्यांत चित्र दिसायला लागतं.

आर्द्रता वाचताना मात्र सांभाळा. दुपारी ३८ अंश आणि २० टक्के होती, संध्याकाळी ३१ अंश आणि ३० टक्के झाली, म्हणून समुद्राची हवा आली असं नाही. हवेतलं बाष्प तेवढंच ठेवून नुसती हवा थंड केली तरी २० चे ३० होतात. खूण शोधायची ती दवबिंदूत, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं त्या तापमानात. वरच्या दोन्ही नोंदींचा दवबिंदू ११ अंशांच्या आसपासच आहे, म्हणजे हवा तीच. पण ३१ अंशांना आर्द्रता ५५ टक्के दिसली तर दवबिंदू २१ च्या जवळ गेला. ही खरोखर दुसरी, समुद्रावरून आलेली हवा. तापमान आणि आर्द्रता दिल्यावर दवबिंदू काढून देणारी गणकयंत्रं फोनवर मिळतात. दिशा पश्चिम-वायव्येला फिरणं, तापमान अर्ध्या-पाऊण तासात झपकन उतरणं आणि दवबिंदू चार-पाच अंशांनी चढणं, तिन्ही एकदम घडलं तरच नोंद पक्की.

फोनमधल्या दाबमापकावर विसंबू नका. आपल्या अक्षांशावर दाबाची रोजची भरती-ओहोटी असते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल उतरणं अगदी नेहमीचं, खारा वारा येवो न येवो. खाऱ्या वाऱ्याचा एक-दोन हेक्टोपास्कलांचा फरक त्यात बुडून जातो. कोल्हापूरच्या उंचीमुळे आकडा मुळातच ९५० च्या आसपास दिसतो. तो पाहून वादळ आलं असं समजू नये.

सरकारी नोंदी पाहणार असाल तर हेही ध्यानात असू द्या की वेधशाळांची मुख्य निरीक्षणं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचची. कोल्हापुरातला पालट बहुधा साडेपाचनंतरचा, म्हणून नुसत्या या दोन वेळांच्या तक्त्यात तो निसटतो. अ‍ॅपमधल्या अंदाजातही अडचण असते. हवामानाच्या जागतिक संगणकीय प्रारूपांच्या चौकटी नऊ ते पंचवीस किलोमीटरच्या. त्यांत सह्याद्रीचा तुटलेला कडा गुळगुळीत, बुटका उतार होऊन बसतो आणि पश्चिमवारा कोल्हापुरात पोचण्याची वेळ चुकू शकते. वाऱ्याचा बाण जातो ती दिशा दाखवतो, नाव मात्र येतो त्या दिशेचं असतं. ‘पश्चिम’ लिहिलेल्या वाऱ्याचा बाण पूर्वेकडे असणं बरोबरच आहे.

याचा उपयोग काय, तर घरात मार्च-मेमध्ये पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद आणि पडदा ओढलेला, संध्याकाळी फीत वळली की उघड्या; पूर्वेची एखादी खिडकी उघडी नसेल तर वारा आत येणारच नाही, त्याला बाहेर पडायला वाट हवी. शेतात उन्हाळी फवारणी संध्याकाळी सहानंतर ठेवणं धोक्याचं, कारण नेमका तेव्हाच पश्चिमवारा उठतो आणि औषध पूर्वेच्या बांधापलीकडे जातं. सकाळची वेळ बरी, पण हिवाळ्यात अगदी पहाटेही नको. साचलेल्या थंड हवेत बारीक थेंब खाली न बसता तरंगत राहतात आणि मग भलतीकडे सरकतात. सूर्य उगवून तासभर झाला, पानं हलकी हलायला लागली की सुरू करावं.

आणि कोल्हापूरकर हक्काने जातात त्या मालवण-तारकर्लीबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहापर्यंत किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं, स्नॉर्कलिंग-स्कूबाला तीच वेळ. पण ही शांतता फसवी आहे. वारा जमिनीकडून समुद्राकडे असल्याने काठावर लाट दिसत नाही, मात्र हवेने फुगवलेली ट्यूब किंवा गादी घेऊन पोरं पाण्यात उतरली तर ती आत ओढली जातात आणि वीस-तीस मीटर गेल्यावर वारा वाढतो, कारण काठावरच्या झाडांचा आडोसा संपतो. मतलई चालू असताना फुगवलेल्या वस्तू पाण्यात नेऊ नयेत, नेल्याच तर दोरी बांधून. दुपारी वारा उलटला की ती किनाऱ्याकडे ढकलली जाते, पण तेव्हा लाटा वाढलेल्या असतात. मार्च-मेमध्ये होडीने किल्ल्यावर किंवा डॉल्फिन पाहायला जायचं तर सकाळी निघून अकराच्या आत परतावं. नंतरचा वायव्येचा वारा होडी तिरकी हलवतो आणि परतीच्या प्रवासात पाणी अंगावर येतं. जून-जुलैत, यांत्रिक मासेमारीही बंद असते त्या काळात, कुठलीच वेळ बरी नाही. तेव्हा वारा रात्रीही पडत नाही, आणि सकाळची शांत वेळ शोधणं व्यर्थ आहे.